झेलता हौद

“कुणाच्या लेकराचं हाय हे?” महादेवी आज्जींनी विचारलं.

आमच्या भागात बाळ जन्मलं की त्याला एकदम नवं कापड घालत नाहीत. बारशापर्यंत जुनंच अंगडं, जुनंच टोपडं, आणि तेही वाटेल त्याचं नाही. जे पोर धडधाकट आहे, दुधाला नि दंग्याला कमी नाही, त्याच्या घरून मागून आणायचं. त्यामुळे तुमच्या नातीच्या हौदात दुसऱ्या मुलाचं आयतं, शिकून तयार वळण घातलंय असं मी मोठ्या फुशारकीने सांगितल्यावर आज्जींनी हा प्रश्न विचारावा, यात नवल नव्हतं.

“आहे कोल्हापुरातलं एक.”

“सुखरूप हाय न्हवं?”

“हाय की आज्जी. खेळतंय.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. ते वळण माझ्या मुलीचं होतं, आणि जुईला जाऊन तेव्हा दोन वर्षं नि एक महिना झाला होता.

मी सौरभ मिठारी. झेलते हौद बसवतो. मूळचा पंपांचा माणूस, पाणी कुठून कुठं ढकलायचं एवढंच मला कळतं. पण २०४३ साली नुसतं पाणी ढकलून कुणाचं पोट भरत नाही, म्हणून या कामात आलो. जुई नसती तर आलो नसतो, हेही खरं.

काही मुलांच्या मेंदूला जन्माच्या वेळी इजा होते. मग स्नायू मेंदूचा निरोप धड ऐकत नाहीत. हात उचलायला जावं तर पाठ ताठ होते, मान सावरावी तर पाय आवळले जातात. अशा मुलांना पाणी फार मानवतं, कारण पाण्यात अंगाचं ओझं उतरतं. पण उन्हाळ्यात शेजारची पोरं परड्यात टब भरून डुंबतात, तेव्हा ही मुलं कडेला खुर्चीत बसून बघत असतात. त्यांना पाण्यात न्यायचं तर धरायला दोन माणसं हवीत, नाहीतर पट्टे आणि फुगे. आणि धरलं की खेळ संपला. धरलेलं मूल खेळत नसतं, त्याला अंघोळ घातली जात असते.

झेलत्या हौदाने एवढंच केलं, की धरायचं काम पाण्यावर सोपवलं. बारा फूट बाय आठ फुटांचा हौद, अर्धा जमिनीत. कठडा चाकांच्या खुर्चीच्या बैठकीला बरोबर येतो, मुलाला नुसतं सरकवायचं. तळाला आणि भिंतींना सोळाशे बारीक तोट्या, आणि प्रत्येकीचा दाब सेकंदाला दोनशे वेळा बदलता येतो. हौद माणसाला ऐकू न येणारा आवाज पाण्यात सोडत राहतो. तो अंगावर आपटून कसा परत येतो, त्यावरून मान किती कलली, श्वास कुठं अडला, सगळं त्याला समजतं. स्नायू आवळला जाण्याच्या पाव सेकंद आधी त्यात एक बारीक थरथर येते. ती ओळखली की हौद नेमक्या त्या जागी पाण्याचा दाब देतो. आपल्याला कुणी झेललं हे मुलाच्या ध्यानातही येत नाही. त्याला वाटतं, आपण तरंगतोय.

अडचण एकच. प्रत्येक मुलाची थरथर निराळी. ती शिकायला हौदाला आठ महिने लागतात, आणि तोवर कुणीतरी रोज पाण्यात उतरून मुलाला हातांवर धरावं लागतं. हौद त्या हातांकडून शिकतो. असं शिकून झालेल्याला आम्ही वळण म्हणतो. वळण त्या एका मुलाचं असतं, हौद परत आला की ते पुसायचं, असा कंपनीचा नियम आहे. मीही नव्या पोरांना तो तोंडपाठ करायला लावतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

जुई नऊ वर्षांची झाली होती. ती बोलत नसे. उजवा हात जन्मापासून छातीशी मिटलेला, तो कधी उघडलाच नाही. पण घरामागच्या हौदात ती राणी होती. हनुवटी जिकडे वळवेल तिकडे पाणी तिला न्यायचं. डाव्या हाताने ती असं पाणी उडवायची की दोरीवरचे कपडे पुन्हा वाळत घालावे लागत. आणि दमली की हौद तिला पंपासमोरच्या कोपऱ्यात आणून सोडायचा. हे त्याला मी शिकवलं नव्हतं. त्या कोपऱ्यात माझी बायको स्नेहल टॉवेल घेऊन स्टुलावर बसायची. जुई दमली की हनुवटी तिकडे करायची, आणि हौदाने ते उचललं होतं. कोपऱ्यात आली की जुई तोंड वर करायची, स्नेहल तिचा चेहरा पुसायची, की बाईसाहेब परत पाण्यात. मी पलीकडे पंपापाशी आकडे बघत उभा असायचो.

श्रावणात तिला ताप आला, न्यूमोनिया झाला, सहा दिवसांत गेली. हौदाचा त्यात काही संबंध नव्हता. पावसाळ्यात तो महिनाभर बंदच होता. हे मला कुणी न विचारता मी सांगत असतो, असं स्नेहल म्हणते.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी तिने हौदावर ताडपत्री घातली आणि मला म्हणाली, “वळण पुसून टाक.”

“पुसलं,” मी म्हणालो. पुसलं नव्हतं.

गडहिंग्लजच्या कोरींकडे हौद बसवला तेव्हा माझ्या मनात पाप नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्यांची अक्षता सात वर्षांची. तिची आई रूपाली शाळेत शिकवते, वडील पुण्याला कामाला, घरी महादेवी आज्जी. कोऱ्या हौदात अक्षता पहिल्या दिवशी लाकडासारखी ताठ झाली, नाकातोंडात पाणी गेलं, आणि तिने जी किंकाळी फोडली ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली असेल. तीन आठवडे तेच. शेवटी रूपाली म्हणाली, “सर, घेऊन जावा हा हौद. तिचा छळ करायला आणलेला न्हाई आम्ही.”

तेव्हा मी जुईचं वळण घातलं. सुरुवातीपुरतं, असं स्वतःला सांगितलं. त्या दुपारी अक्षता पाण्यात गेली, जरा आकसली, आणि मग तिची मान पाण्यावर अशी टेकली जशी उशीवर टेकावी. ती हसली. रूपाली मटकन खाली बसून रडली. मीही रडलो, फक्त माझं कारण वेगळं होतं. कारण पाणी अक्षताला ज्या वळशाने घेऊन गेलं तो वळसा मला पाठ होता. आधी डावीकडे अर्धा गोल, मग थांबा, मग एकदम मधोमध. हौदात माझी मुलगी खेळत होती.

त्यानंतर मी दर शनिवारी दुपारी गडहिंग्लजला जायला लागलो. तोट्या तपासायच्या आहेत, गाळणी बदलायची आहे, काही ना काही निघायचंच. घरी सांगायचो, तिकडं काम वाढलंय. दुधाची तहान ताकावर भागवतात म्हणे. मी दुसऱ्याच्या घरचं ताक चोरून पीत होतो आणि वर त्यांचा चहाही घेत होतो.

महिनाभराने रूपालीने मला बाजूला घेतलं. “सर, एक इचारू? ती दमली की त्या कोपऱ्यातच का जाती?”

त्यांच्या परड्यात पंपासमोरच्या कोपऱ्याला नुसती गडग्याची भिंत होती आणि तिच्यावर भोपळ्याचा वेल. उभं राहायलाही जागा नव्हती. अक्षता तिथं यायची, तोंड वर करायची आणि थांबायची. एक मिनिट, दोन मिनिटं. पाणी तिला हलू देत नसे. कुणी चेहरा पुसल्याशिवाय खेळ पुढं सरकत नाही, असं हौद शिकला होता. ती भिंतीकडे बघत राहायची, आणि मग तिचा ओठ थरथरायला लागायचा.

“कुणाची तरी वाट बघिटल्यागत करती,” रूपाली म्हणाली. “मला भ्या वाटतंय बघा.”

“सवय असते मुलांची,” मी म्हणालो.

आज्जींना माझं उत्तर पटलं नाही. त्यांनी तिन्हीसांजेला मीठ-मोहरी उतरून टाकली. पुढच्या शनिवारी त्या कोपऱ्यातल्या भिंतीवर अंगारा लावलेला दिसला. मी तो पाहिला आणि मला राग आला. माझ्या पोरीला हाकलतायत असं वाटलं. माणूस किती खाली घसरू शकतो ते तेव्हा कळायला हवं होतं, पण मला कळलं नाही.

कळलं ते फिजिओथेरपीच्या मॅडमनी लिहून दिलेल्या चिठ्ठीवरून. अक्षताचा डावा हात उचलतच नसे. उजवाही अधू होता, पण मिटलेला नव्हता. ती त्या हाताने चमचा ताटातून तोंडापर्यंत ओढत न्यायची. अर्धं मांडीवर सांडायचं, पण न्यायची. आता चमचा हातात दिला की हात तसाच पडून राहत होता. मॅडमनी लिहिलं होतं, उजव्या हाताचा प्रयत्न निम्म्यावर आला आहे, कारण शोधा.

कारण मला हौदाच्या नोंदीत पाच मिनिटांत सापडलं. अक्षताच्या उजव्या खांद्यात हालचालीची थरथर येई, आणि हौद ती स्नायू आवळण्याची थरथर समजून त्या क्षणी हात अलगद छातीशी दाबून टाकी. जुईसाठी ते बरोबर होतं. तो हात दाबून धरला नाही तर तिला कळा यायच्या. अक्षता हात उचलायला बघत होती, आणि माझी मेलेली मुलगी तो रोज खाली दाबत होती. दिवसाला दीडशे-दोनशे वेळा. शेवटी जिवंत मुलीने नाद सोडून दिला होता.

वळण पुसलं की प्रश्न मिटत होता. एका बटणाचं काम. पण पुसलं की जुई या जगात कुठल्याच पाण्यात राहत नव्हती. फोटो होते, पण फोटो कुणाला झेलत नाही. मी ती चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि “बघतो” म्हणालो. त्यानंतर आणखी दोन शनिवार मी गेलो, चहा प्यालो, आणि गप्प बसलो. त्या दोन शनिवारांबद्दल मला कुणी माफ करू नये. मीही केलेलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात रूपालीने माझ्या फोनवर व्हिडिओ पाठवला. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता आणि मी अंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर स्नेहल फोन धरून ओट्याला टेकून उभी होती.

“ही कोण?”

“गडहिंग्लजची. कोरींची अक्षता.”

“पोरीचं नाव नाही विचारत मी. हे तोंड वर करणं कुणाचं आहे?”

गॅसवर दूध उतू जात होतं, ते दोघांनाही दिसत होतं.

“तू पुसलं म्हणाला होतास.”

“हो.”

“आणि हिच्यात घातलंस.”

“हिच्यात नाही. हौदात.”

“हिला तिथं कोण पुसतं?” स्नेहलने विचारलं. “चेहरा कोण पुसतं हिचा? भिंत आहे तिथं नुसती!” आणि तिने फोन ओट्यावर आपटला. दोन वर्षांत ती माझ्यावर ओरडली नव्हती. मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मग मी तिला हाताचंही सांगितलं. तिने गॅस बंद केला. म्हणाली, “शनिवारी मी येणार आहे. आणि बोलायचं तू. मी एक अक्षर बोलणार नाही.”

शनिवारी दुपारी परड्यात अक्षता नुकतीच पाण्यातून निघाली होती. आज्जी तिचं डोकं पुसत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. बसायला त्यांनी सांगितलं होतं, पण बसवेना. “आज्जी, तुम्ही विचारलं होतं कुणाच्या लेकराचं. माझ्या लेकीचं होतं. ती सुखरूप नाही. दोन वर्षांपूर्वी गेली.” मग हाताचं सांगितलं. मग चिठ्ठी मिळाल्यावरच्या दोन शनिवारांचंही सांगितलं, कारण स्नेहल माझ्याकडे बघत होती.

आज्जींचा टॉवेल थांबला. “गेलेल्या लेकराचं अंगडं घालतंय व्हय रं कुणी दुसऱ्याच्या पोराला?” एवढंच त्या म्हणाल्या, आणि नातीला जवळ ओढून घेतलं.

रूपाली मात्र पुढं आली. “हात हुता तिचा. एवढा एकच हात धड येत हुता. तुम्ही दोन आठवडं बघत बसला?”

“हो.”

“पुसा. माझ्या डोळ्यांदेखत पुसा.”

मी पंपापाशी गेलो आणि पुसलं. पडद्यावर ‘कोरा’ अशी अक्षरं आली. कुठंच काही हललं नाही, वेलावरचं पानसुद्धा नाही.

“आता?” रूपालीने विचारलं.

“आता पहिल्यापासून. कुणीतरी आत उतरून हातांवर धरायचं. आठ महिने. हौद तिचं स्वतःचं वळण शिकेल.”

रूपालीने ओढणी कमरेला बांधली आणि नेसत्या कपड्यानिशी पाण्यात उतरली. आज्जींनी अक्षताला कठड्यावरून सरकवलं. पोरगी ताठ झाली, किंचाळली, तिच्या आईने तिला पोटाशी धरलं आणि म्हणाली, “मी हाय. मी हाय की गं.” माझ्याकडे न बघता तिने सांगितलं, “पुढच्या खेपंला दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. तुम्ही येऊ नका.”

निघताना आज्जींनी दारात स्नेहलला थांबवून कुंकू लावलं. माझ्याकडे पाहिलं नाही. तिला विचारलं, “नाव काय हुतं?”

“जुई.”

“चांगलं हुतं,” आज्जी म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर निपाणी आली. मग स्नेहल म्हणाली, “दुसरी प्रत आहे तुझ्याकडे.” ती विचारत नव्हती, सांगत होती. बावीस वर्षांचा संसार, चोराच्या मनातलं चांदणं तिला अंधारातही दिसतं.

“आहे.”

“उद्या हौद भर.”

रविवारी सकाळी मी ताडपत्री काढली. खाली पाल्याचा थर साचला होता. तळ घासला, तोट्या एकेक करून मोकळ्या केल्या, पाणी भरायला साडेतीन तास लागले. मग शेवटची प्रत घातली. स्नेहल जुना पंजाबी ड्रेस घालून आली आणि उतारावरून आत उतरली. पाणी तिच्या छातीपर्यंत आलं.

“पाय सोड,” मी पंपापासून सांगितलं. “अंग ढिलं कर. नऊ वर्षांच्या मुलीचं वळण आहे, तुला जमेल का सांगता येत नाही.”

तिने पाय सोडले. तोट्या घोंघावल्या, हौद क्षणभर चाचपडला, आणि मग त्याने तिला झेललं. मी आकडे बघत होतो. आता डावीकडचा अर्धा गोल, मग थांबा, असं मनात म्हणत होतो. पण पाण्याने तसं काही केलं नाही. ना गोल, ना थांबा. त्याने स्नेहलला सरळ उचललं आणि कोपऱ्यात नेऊन ठेवलं.

मी पडद्यावर बघितलं. हौदाने पहिल्या अर्ध्या मिनिटात तिचा श्वास, मान, खांदे सगळं तपासलं होतं आणि निष्कर्ष काढला होता. मूल दमलं आहे.

स्नेहल कोपऱ्यात तरंगत होती. तिथं स्टूल नव्हतं, कुणी नव्हतं. पाणी तिला हलू देत नव्हतं. तिने तोंड वर केलं. डोळे मिटलेले होते.

मी पंप सोडला. इतक्या वर्षांत जुई त्या कोपऱ्यात थांबलेली असताना मी कधी तिथं गेलोच नव्हतो, हे पलीकडे चालत जाताना माझ्या लक्षात आलं. टॉवेल आणायचंही सुचलं नाही. शर्टाच्या बाहीने मी तिचा चेहरा पुसला. पुसला तसा परत ओला झाला, म्हणून परत पुसला.

“तिला असं वाटत असायचं तर,” स्नेहल म्हणाली. तिने डोळे उघडले. मग म्हणाली, “आता पूस. मी आत असतानाच.”

हौदात माणूस असताना वळण पुसता येत नाही, तशी सोयच केलेली आहे. पण दुरुस्ती करणाऱ्याकडे सगळ्या कुलुपांच्या किल्ल्या असतात. मी पंपापाशी गेलो, किल्ली लावली, बटण दाबलं. तोट्या थांबल्या. स्नेहल खाली गेली, तिचे पाय तळाला लागले आणि ती उभी राहिली.

मी तिला हात धरून उतारावरून वर आणलं. ती कठड्यावर बसून केस पिळत होती.

“तिने आधी पाय सोडले माझे,” ती म्हणाली. “मग पाठ. मान सगळ्यात शेवटी. अगदी हळू सोडलं रे. मी पडेन म्हणून.”

पुसण्याचा हुकूम गेला की सोळाशे तोट्या एका झटक्यात बंद होतात. एक पंचमांश सेकंद लागतो, सगळ्या मिळून. हळू सोडण्याची सोय त्या यंत्रात नाही. ते यंत्र मी उभं केलंय, मला माहीत आहे. मी स्नेहलला ते सांगितलं नाही.